झुरळांचा खोका

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग स्वतःचेच कान धरावेसे वाटतात. परवा एक मुलगी घरी आली. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जगभर पुरवणाऱ्या एका कंपनीचा इतिहास ती लिहिते आहे. आज कितीतरी देशांत कचेऱ्या असलेली ही कंपनी मी अंधेरीच्या एका गाळ्यात, चार मांडण्यांवर उभी असलेली पाहिली होती. म्हटलं, बस बाई, पहिला अध्याय मी सांगतो.

ऐंशीच्या दशकात घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले होते. मी तेव्हा अंधेरीत फौजदार होतो. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक घामाघूम होऊन ठाण्यात आले. मुलुंडचे गुजराती गृहस्थ. एका परदेशी कारखान्याने त्यांना चाचणीवर एजन्सी दिली होती आणि टीव्हीत लागणाऱ्या आयसींचा, म्हणजे चिपांचा, पहिलाच खोका गायब झाला होता.

"साहेब, शुक्रवारी टीव्ही कंपनीला माल नाय गेला ना, तर एजन्सी गेली. माझी वाट लागली!"

तक्रार नोंदवली, पंच बोलावले, गाळ्याचा कानाकोपरा तपासला. खोका नाही. समोरच्या चहावाल्याने मात्र खबर दिली. "साहेब, त्यांचा स्टोअरकीपर जाताना बोलला, माल मस्त लपवलाय, आता बिनघोर गावी जातो. आणि गेला ना मालवणला!"

झालं. मला चोर सापडला. स्टेशन डायरीत नोंद करून मी दोन हवालदार पाठवले. त्यांनी त्याला भर आरतीतून, सगळ्या वाडीदेखत उठवून आणलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

चौकशीला तो समोर बसला. पन्नाशीचा, किडकिडीत, डोळे रागाने लाल.

"खोका कुठाय?"

"मागच्या कपाटात."

"थापा मारू नकोस. ते कपाट मी स्वतः बघितलंय."

"मग दिसला कसा नाय? वर चिठ्ठी लावली होती. 'झुरळे. हात लावू नये.'"

मी हवालदाराला हाक मारली. हवालदाराने पंचनामा आणला. माझ्याच देखरेखीखाली त्यात लिहिलं होतं, 'झुरळांच्या औषधाचा खोका, नग एक.' आम्ही तो उघडलाही नव्हता!

"आयसीला आम्ही झुरळंच बोलतो साहेब," तो म्हणाला. "काळं अंग, खाली पाय. बदली माणसाने महागाच्या मालाशी खेळू नये म्हणून चिठ्ठी लावली."

हा शब्द स्टोअरमधल्या कोकणी मंडळींचा. मालकांना तो ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता ते झाडून सगळे गणपतीला गावी गेलेले. एरवी कुणीही पोरसवदा पॅकर खो खो हसून तो खोका पुढे करता.

जीप काढून गाळ्यावर गेलो. खोका फोडला. प्लॅस्टिकच्या नळ्यांत शिस्तीत बसलेल्या आयसी, एकही कमी नाही. मालकांनी तर हवालदारालाच मिठी मारली. माल वेळेत गेला आणि एजन्सी टिकली. तिथून कंपनीने जे बस्तान बसवलं ते आज साऱ्या जगाला दिसतंय.

मालक स्टोअरकीपरला म्हणाले, "माफ कर भाऊ. बोल, काय पायजे तुला?" तो माझ्याकडे वळला.

"साहेब, वर्दीन न्हेलो माका. आता सोडूक पण वर्दीच होयी."

म्हणजे त्याला वाडीत परत पोचवायलाही मीच वर्दीत जायचं होतं. वरिष्ठांना खरं काय ते सांगितलं. ते पोट धरून हसले आणि रजाही दिली. नोकरीत मी शेकडो जबाब घेतले, पण समोरचा माणूस एखाद्या वस्तूला काय म्हणतो हे आधी विचारायचं, हे मला त्या खोक्याने शिकवलं. आणि संशय चारचौघांत घेतला असेल, तर तो फेडायचाही चारचौघांतच.

स्टोअरकीपरच्या घरचा गणपती एकवीस दिवसांचा होता. मुंबईतला विसर्जनाचा बंदोबस्त संपताच पूर्ण वर्दीत मी त्याच्याबरोबर मालवणला गेलो. आरतीला सगळी वाडी जमली होती. मी टोपी काढली आणि मोठ्याने म्हणालो, "हा माणूस चोर नाही. चूक माझी झाली."

त्याच्या म्हाताऱ्या आईने मला नीट न्याहाळलं. मग आत गेली आणि तिने दोन पाट शेजारी शेजारी मांडले, एक लेकाचा आणि एक माझा.

"बस रे झिला," लेकालाच म्हणावं तशी ती मला म्हणाली, "जेवक वाढतंय."