नव्या संगणकातला जुना संगणक

माझ्या नणंदेचा जुईनगरला छोटा गाळा आहे. त्यात एक मशीन : शाळेच्या गणवेशांच्या खिशांवर बोधचिन्हं भरणारं. ती चिन्हं तिने बारा वर्षांत स्वतः संगणकावर टाका-टाका मांडून तयार केली. शाळा उघडायला आठवडा राहिला असताना तो संगणक बंद पडला. जवळच्या शिरवणे गावातल्या दुरुस्तीवाल्याने आतली चिन्हं पेन ड्राइव्हवर काढून दिली, पण नव्या संगणकावर भरतकामाचा प्रोग्राम चालेना. त्याला जुनीच ऑपरेटिंग सिस्टिम लागायची.

गणवेशवाल्या शिंप्याने बजावलं होतं, "ताई, संध्याकाळपर्यंत एक नमुना दाखवा. नाहीतर काम वाशीला देतो." नणंदेचं वर्षातलं मोठं काम तेवढंच.

दुरुस्तीवाल्याने उपाय सांगितला. नव्या संगणकाच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एक मानलेला संगणक करायचा आणि जुनी सिस्टिम त्यात टाकायची. जुन्या सिस्टिमच्या सीडीची फाइलही त्याने करून दिली. यायला मात्र त्याला सवड नव्हती. मी ऑफिसात रजा टाकली, त्याच्याकडून फोनवर पायऱ्या विचारल्या आणि वहीत उतरवल्या. एकूण अकरा.

"म्हणजे पोटभाडेकरूच की," नणंद म्हणाली. "मूळ मालकाला चालेल ना?"

"एक जीबी मेमरी आणि वीस जीबी जागा देणार. त्यात भागवेल तो."

पहिल्या चार पायऱ्यांवर भराभर खुणा झाल्या. पाचवी : काळ्या पडद्यावर 'सीडीवरून सुरू करायला कोणतंही बटण दाबा' असं इंग्रजीत येईल, लगेच दाबणे. दाबलं. पडदा निळा झाला, फाइली उतरू लागल्या. अर्ध्या तासाने ते मानलेलं मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं. तीच ओळ आली. माझं बोट तयारच होतं. दाबलं, आणि पहिल्यापासून सगळं परत. मला वाटलं, जागा कमी पडली. सगळं पुसून तीस जीबी दिले. तरी तेच. तोवर दुपारचे अडीच वाजले होते आणि डबे तसेच पडले होते.

"वहिनी, तुम्ही दर वेळी बटण का दाबताय?"

"वहीत लिहिलंय."

"एकदाच लिहिलंय ना?"

"मग पडदा दर वेळी का विचारतो?"

"विचारू दे. माझं मशीन रंग बदलायला मध्येच थांबतं. तेव्हा मी पहिल्यापासून सुरू केलं तर टाक्यांवर टाके पडून कापड फाटेल. थांबलं तिथून पुढे जाऊ द्यायचं असतं."

मला राग आला. ऑफिसात लोक माझ्याकडून यादी मागून नेतात! पण ती म्हणत होती ते बरोबर असावं, हेही लगेच कळलं. पाचव्या पायरीपुढे लाल पेनाने लिहिलं : फक्त पहिल्यांदा.

पुढच्या वेळी ती ओळ आली तेव्हा नणंदेने माझे दोन्ही हात धरून ठेवले.

"अगं, सोड. नाही दाबत."

"तुमचा भरवसा नाही."

ओळीपुढे एकेक टिंब उमटत गेलं आणि ओळ नाहीशी झाली. मग आधी कधीच न दिसलेला पडदा आला. 'उरलेला वेळ : एकोणचाळीस मिनिटं.' आम्ही डबे उघडले.

साडेचारला प्रोग्राम त्या आतल्या सिस्टिमवर चढला. पेन ड्राइव्ह लावला, पहिली फाइल उघडली : समई आणि पुस्तक, सगळे टाके जागच्या जागी. नणंदेने निळ्या कापडाचा तुकडा चौकटीत ताणला आणि मशीन सुरू केलं. भरून झाल्यावर तिने कापड आधी उलटं करून मागच्या गाठी पाहिल्या, मगच फोटो काढून शिंप्याला पाठवला.

पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "ताई, किती खिसे पाठवू?"

"सगळे पाठवा," ती म्हणाली आणि खांद्याने फोन कानाशी धरून पिवळ्या दोऱ्याचं रीळ शोधू लागली.