एकच विसावा

मी पोलादपूरच्या पोस्टात होतो तेव्हा दर बाजाराच्या दिवशी एक म्हातारा डोंगरातल्या वाडीवरून हिरड्याचं ओझं घेऊन यायचा. ओझं पायरीवर टेकवून खिडकीशी विचारायचा, "आफ्रिकेचा कागद आला का?" त्याचा मुलगा नैरोबीला सुतारकामाला गेला होता.

एकदा म्हणाला, "इमान मुंबईवरनं तिथं जातं, तर वाटंत विसावे किती?" डोक्यावरचं ओझं जिथे उतरवतात तो विसावा. त्यांच्याकडे अंतर त्यातच मोजत.

मी म्हटलं, "एडनला एकदा उतरतं. दिवसभरात पोचतं."

"एकच? मला वाडीवरनं हितं यायला पाच लागतात. म्हंजे पोरगा काय लांब नाय."

मैल त्याने विचारले नाहीत, मीही सांगितले नाहीत. त्याने डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि ओझं उचललं.

दोन वर्षांनी माझी बदली झाली, तोवर तो येतच होता. त्याचं नाव मला ठाऊक नाही. त्या पोस्टात आफ्रिकेहून पत्र आलं तर ते त्याचंच असणार, म्हणून मी कधी विचारलं नाही. पाकिटावर वाचू, असं धरून चाललो होतो.