सुरईखालचा बोका

आमच्या दिवाणखान्यात मातीच्या दोन सुरया आहेत आणि त्यातली पहिली मराठ्यांची आहे, हे म्हणणं मी आजही मागे घेतलेलं नाही.

कलकत्त्याच्या आमच्या मराठी मंडळात मला ‘नळवाले’ म्हणतात. हावड्याला माझा तोट्यांचा कारखाना आहे. भाड्याच्या एका लेथवर उभा केलेला. पण मंडळात पुढच्या खुर्च्या डॉक्टरांना आणि प्राध्यापकांना! संडास तुंबला की मात्र पहिला फोन मला. (तिथल्या सगळ्या तोट्या मी फुकट दिल्यात. एखादीवर नाव घाला म्हटलं, तर हसले!) यंदा गणपतीत अध्यक्ष साठेसरांनी ‘बंगालमधले मराठी’ असं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन काढलं आणि भर सभेत मला विचारलं, “नळवाले, तुमच्याकडे हो जुनं काय असणार?”

झालं! डोकं सटकलं.

दुसऱ्या दिवशी मी बालीगंजच्या एका गल्लीतलं जुन्या वस्तूंचं दुकान गाठलं. मालक घोषालबाबू. त्यांच्या फळीवर एक रंगवलेली सुरई होती; पोटावर मिशा फेंदारलेलं मांजर.

“खूब पुरोनो, दादा. राजवाड्यातली.”

“कुठल्या राजाच्या?”

“तुम्ही म्हणाल त्या!”

मग मी भावाला हात घातला. रागावून बाहेर पडलो, त्यांनी परत बोलावलं. पुन्हा रागावून बाहेर पडलो, या वेळी कुणी बोलावेना, म्हणून आपला आपणच परत गेलो. शेवटी सांगितल्या किमतीच्या पाव भागात सुरई माझी! “बांधून आणतो,” म्हणत घोषालबाबू पडद्यामागे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. रडत असतील, असं मला वाटलं.

घरी मंदाने, म्हणजे बायकोने, सुरई पुसायला उलटी केली. “अहो, तळाला काहीतरी खरवडलंय. बंगालीत.”

मी वाचलं आणि उडालोच. “बोका!”

वर बोका, खाली बोका! बंगाली माणूस मांजराला बिडाल म्हणतो. बोका म्हणणार तो मराठीच! आणि जुन्या काळी मराठी माणूस इथे आला तो कसा? घोड्यावरून! बंगालवर चालून आलेले आपले मराठे स्वार, इथले लोक म्हणतात ते बर्गी!

“लढाईला निघालेला माणूस सुरई घेऊन येईल?” मंदाने विचारलं.

“का? त्याला तहान लागत नाही?”

प्रदर्शनात मी माईक हातात घेतला तो सोडलाच नाही. साठेसरांनी खोडा घालून पाहिला. “बर्गी मराठी, मग अक्षरं बंगाली कशी?”

“मी इथे येऊन बंगाली अक्षरं शिकलो! बर्गी काय ढ होता?”

टाळ्या पडल्या! मी पुढच्या रांगेतल्या खुर्चीकडे पाहिलंसुद्धा. तेवढ्यात आमची रेवा, जन्म इथला, मराठीची खिचडी, मोठ्यांदा म्हणाली, “पण बाबा, बोका माने तर बुद्धू होतं ना?”

“ठाऊक आहे मला!” मी गरजलो. (खरंच ठाऊक होतं. कारखान्यात हा बंगाली शब्द मी दिवसभर वाटत असतो. पण वर चित्र दिसलं आणि माझ्यातला मराठी माणूस जागा झाला, त्याला मी काय करू?)

साठेसरांनी चष्मा चढवला आणि त्या अक्षरांवरून नख फिरवलं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर ताजा लाल भुगा पडला.

“नळवाले,” ते म्हणाले, “हे बर्गी मागच्या आठवड्यात येऊन गेलेले दिसतात.”

सभागृह फुटलं. त्या हशात मंदा माझ्या कानाशी म्हणाली, “तो पडद्यामागे बराच वेळ होता म्हणालात ना?”

सकाळी घोषालबाबूंच्या दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आत मी सुरईसकट खालून वाकून आत शिरलो. “मला बोका म्हणता? मला?”

त्यांनी जीभ चावली, कान धरले. “छी छी, दादा! तुम्हाला कसं म्हणेन? ते मी स्वतःला लिहिलं! इतका भाव पाडून घेणारा माणूस या दुकानात आजवर आला नाही. तुम्ही घेणारे हुशार, मी विकणारा बोका!”

आता खरं सांगतो, माझा राग जागच्या जागी विरघळला. इतक्या वर्षांत मंडळाच्या तोंडून जे निघालं नाही, ते या परक्या माणसाने चहा मागवून, उभं राहून सांगितलं!

“हिची जोडीची सुरई आहे,” ते हळूच म्हणाले. “सगळ्यांना नाही दाखवत. तुमच्यासारख्या जाणकारालाच.”

अशा भल्या माणसाला पुन्हा नागवणं माझ्या जिवावर आलं. त्यांनी सांगितला तो भाव मी दिला. घासाघीस न करता! जन्मात पहिल्यांदा!

घरी मंदाने सुरई उलटी केली, खिडकीशी नेली, बोट फिरवून पाहिलं. तळ कोरा होता.

बरोबरच आहे. या वेळी लिहून ठेवायची गरजच उरली नव्हती.