वीस मिनिटं पुढे

पाच वाजता माणसं येणार होती आणि तिला एका जागी बसवत नव्हतं. सतरंजी झटकली, पुन्हा घातली, पुन्हा उचलली. "अगं, किती येरझाऱ्या घालशील! टेक की जरा," मावशी स्वयंपाकघरातून ओरडली. जाऊन दोन आठवडे झालेल्या आईबद्दल आज चार शब्द बोलायचे होते, पण कागद कोराच. लिहिणार तरी काय, डोंबल? आई वाट बघत गेली आणि लेक वेळेवर पोचली नाही, हे?

आईला सगळी गल्ली घाईमावशी म्हणायची. शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं तिनं काजं केली. आठच्या ठोक्याला फाटक बंद. एकदा दोन मिनिटं उशीर झाला, तर मुकादम आतून जांभया देत बघत राहिला, पण कडी काही काढली नाही मेल्यानं. घरी येऊन ती तरातरा स्टुलावर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे ढकललं. तेव्हापासून ते पुढेच. घरातलं शेंबडं पोरही वीस वजा करून वेळ सांगायचं. पाहुण्यांची मात्र फजिती, अर्धा चहा टाकून पळत सुटायचे बिचारे! पुढे लेक नोकरीला लागली, तशी नातीच्या शाळेबाहेरही हीच पहिली उभी, पिशवीत सोललेलं संत्रं घेऊन. सात वर्षांत एकदा चुकली असेल तर शपथ.

आणि दवाखान्यात त्या शेवटच्या सकाळी ती लेकीला एवढंच म्हणाली होती, "चारला ये गं. वेणी घालून दे, नुसता गुंता झालाय."

दुपारी घरी लेकीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला वीस कमी. म्हणजे खरे तीन वीस, भरपूर वेळ आहे. वीस मिनिटांचाच तर रस्ता. तिनं आरामात चहा केला, आईचं धुतलेलं पातळ घडी घालून पिशवीत ठेवलं. पोचली तेव्हा चार वीस झाले होते. आई दहा मिनिटांपूर्वी गेली होती. आयाबाई म्हणाली, सारखं दाराकडे बघत होत्या.

"घड्याळ बघूनच निघाले होते गं मी!" त्या संध्याकाळी मावशीच्या गळ्यात पडून ती ओक्साबोक्शी रडली. मग टेबलावर घड्याळाचा जुना सेल दिसला. तिला आठवलं, सकाळी तिची अकरा वर्षांची पोरगी स्टुलावर चढून नवा सेल घालत होती. पोरीनं काटे बरोबर लावले होते. त्यामुळे उशीर झाला हे पोरीला कधीही कळता कामा नये, एवढं एकच तिनं तेव्हा ठरवलं. त्या दिवसापासून तिनं भिंतीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

आज पाहिलं. चार पंचवीस. हातातल्या मोबाइलवर चार पाच.

घड्याळ तिनं पुढे केलं नव्हतं. मावशीचा हात तिथवर पोचत नाही. म्हणजे त्या संध्याकाळचं रडणं ऐकून पोरीला सगळं ठाऊक होतं! म्हणून दोन आठवडे तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, म्हणून घरभर नुसती भिरभिरत होती.

पोरगी आतल्या खोलीत खिडकीशी उभी होती, नखं कुरतडत.

"इकडे ये. वेणी घालते."

पाठमोरी बसल्यावर पोरगी कसंबसं म्हणाली, "आजीनं आता आराम करावा, म्हणून बरोबर लावलं होतं गं मी."

"उशीर मला झाला, बाळा. चहा मी पीत बसले. तुझा काही दोष नाही, कळलं?" पेड सारखे सुटत होते.

"आजी रागावली असेल?"

"ती कसली रागावतेय! तिला जन्माची खोड, कुठंही जायचं तर वीस मिनिटं आधी निघायचं." तिला एकदम हसू फुटलं आणि डोळे वाहायला लागले. "तेव्हाही तिला धीर निघाला नाही बघ."

दारावर थाप पडली. पहिली माणसं वेळेआधीच आली होती. वेणी अर्धीच झाली होती, ती मात्र तिनं पुरी केल्याशिवाय सोडली नाही.