लग्नाचा येसर

बाजरी आणि धने भाजल्याचा वास आला की मला बहात्तरच्या दुष्काळातला नाताळ आठवतो. आई तेव्हा नगरला मिशनच्या बंगल्यात स्वयंपाक करायची, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी मडमबाईंनी तिला उरलेल्या टर्कीचा सांगाडा दिला. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीची भाकरी कोरडी घशाखाली उतरायची नाही, म्हणून आईने त्या हाडांचा पातेलंभर रस्सा केला. विलायती कोंबडा बघायला शेजारच्या काकू आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि हसल्या, "अवो, ह्यात पोरं पवतील की!" मग घरी जाऊन डबा घेऊन आल्या. त्यात आमटी दाट करायला लेकीच्या लग्नासाठी बाजरी-धने भाजून दळलेला येसर होता. आई नको नको म्हणत राहिली. "लगीन तर म्होरं गेलं, येसर कुनासाठी ठिवू?" म्हणत त्यांनी डबा झटकून रिकामा केला. त्या दिवशी दोन्ही घरं पोटभर जेवली. पुढे लेकाकडे परदेशात मी टर्की खाल्ली. चांगली होती, पण माझ्या ओळखीची नव्हती. मला टर्की म्हणून ठाऊक होती ती चव काकूंच्या येसराची.