हत्तिणीचं पांढरं पिल्लू आणि आमची नीळ

लग्न होऊन रंगाऱ्याच्या घरात आले तेव्हा मला वाटायचं, रंग पाण्यात कालवायचा आणि कापड बुडवायचं, एवढंच. पहिल्याच महिन्यात कळलं, की लाल रंगाला तुरटी लागते, काळ्याला लोखंडाचा गंज, आणि निळीला लागतो धीर. धीर आमच्या घरात कुणाकडेच नव्हता.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण ठरलं. तिला माझ्या हातचं हिरवं, बांधणीचं लुगडं न्यायचं असा मी हट्टच धरला. सासरहून काय आणलंस, हे माहेरच्या बायका विचारणारच, आणि मला उसनं काही दाखवायचं नव्हतं. बारा दिवस बसून मी पांढऱ्या सुती लुगड्यावर गाठी बांधल्या. नखाने कापड चिमटीएवढं उचलायचं आणि दोऱ्याचे चार-पाच घट्ट वेढे द्यायचे. वेढ्याखाली रंग शिरत नाही, तेवढा ठिपका पांढरा राहतो. ओळी वाकड्या गेल्या म्हणून सासूबाईंनी दोनदा सगळ्या गाठी सोडायला लावल्या. आता कापड आधी निळीत आणि मग हळद-तुरटीत गेलं की हिरवं होणार होतं. भाऊ न्यायला यायला पाच दिवस उरले, आणि निळीचा रांजण रुसला.

नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी रांजणात नीट आंबलं की वर तांबूस साय धरते आणि खालचं पाणी पिवळट हिरवं होतं. तसं झालं तरच नीळ सुतात मुरते. आमच्या रांजणातलं पाणी नुसतं निळं, मेल्यासारखं पडलेलं. मामंजींशिवाय, म्हणजे माझ्या सासऱ्यांशिवाय, त्या रांजणाला कुणी हात लावायचा नाही हा घरचा दंडक. ते घटकेघटकेला झाकण काढत, दांडक्याने ढवळत, वास घेत आणि आमच्यावर खेकसत.

रंगाऱ्यांचा एक जुना तोडगा आहे. रांजण बिघडला की गावात एक धडधडीत कंडी पिकवायची. लोकांना ती खरी वाटली की नीळ उठते. पण मामंजींनी आयुष्यभर इतक्या थापा सोडल्या होत्या, की त्यांनी "आज ऊन आहे" म्हटलं तरी पेठेतले लोक विचारत, "काय हो, रांजण बिघडला वाटतं?" म्हणून सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"तू नवी आहेस, तोंडही गरीब आहे. हौदावर जा आणि काहीतरी सोडून ये. ह्यांना मात्र सांगू नकोस."

वाटेत मला काही सुचेना. हौदात घागर बुडवता बुडवता तोंडातून निघालं, "श्रीमंतांच्या हत्तिणीला म्हणे पांढरं पिल्लू झालंय."

"हो का?" एक बाई म्हणाली. "मग बारशाचं आमंत्रण तुलाच आलं असेल!"

सगळ्या हसल्या. थाप फुकट गेली म्हणून मी मागच्या दारी बसून चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी बाहेरून धावतच आले. "अगं, ऐकलंस का? हत्तिणीला पांढरं पिल्लू झालंय! दुधासारखं! सोंडेला हात लावून आलेला माणूस भेटला मला!"

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. मामंजींनी पागोटं चढवलं आणि अर्ध्या पेठेबरोबर हत्तीखाना गाठला. माहूत दार उघडेना, त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली. दोन दिवस मंडळी दारात ठाण मांडून बसली. मामंजी घरी फक्त जेवायला आणि झोपायला आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते फणफणत म्हणाले, "हत्तीण गाभणसुद्धा नव्हती!" आणि त्याच रागात त्यांनी झाकण उचललं. वर तांबूस साय चकाकत होती.

मला तेव्हाच लख्ख कळलं. दोन दिवस रांजण कुणी ढवळला नव्हता. ढवळलं की आत हवा शिरते, आणि हवा लागली की पिवळट पाणी पुन्हा निळं पडतं. मला राहवलं नाही.

"मामंजी, ती हत्तीण माझी होती. आणि नीळ थापेने नाही उठली. तुम्ही इथे नव्हतात म्हणून उठली."

सासूबाई भिंतीकडे बघू लागल्या. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या दांडक्याकडे पाहिलं आणि एकदम हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जन्मभर मी गावाला थापा मारल्या, आणि कालची सून मला हत्तिणीच्या दारात बसवते!" मग त्यांनी दांडकं कोपऱ्यात ठेवलं. "तुझ्या बहिणीचं लुगडं ना? बुडव. तूच बुडव."

मी कापड अलगद आत सोडलं. वर काढलं तेव्हा ते पिवळट हिरवं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत वाऱ्यावर निळं होत गेलं. रांजणाला बाधते तीच हवा कापडावर रंग चढवते! मी आनंदाने ओरडलेच. पुढे त्यावर हळद चढली, गाठी सुटल्या, आणि बहीण ते हिरवंगार लुगडं नेसून पाटावर बसली तेव्हा बायकांनी पदर हातात घेऊन घेऊन पाहिला. तो आनंद होताच. पण त्या सकाळी मी पाच वेळा कापड बुडवलं आणि पाचही वेळा मामंजी लांब, भिंतीशी उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.