कोकरांच्या वाट्याचं दूध

येडशी स्टेशनवर उतरले तेव्हा माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शाळेतल्या मैत्रिणीचा, कमलचा, फोन आला होता, चांदी व्यायला झालीय, लगेच ये. चांदी ही तिची मेंढी. मेंढीच्या बाळंतपणाला पुण्याहून धावणारी मी एकटीच असेन!

एसटीनं भूम गाठलं. स्टँडवर कमल स्कूटी घेऊन उभी होती. वाटेत कापलेल्या ज्वारीच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवलेली. दिसेल त्या कळपाकडे बोट दाखवून मी "ह्यात का?" विचारत होते आणि कमल हसत होती.

घरी चहा आला, तोही कोरा. मी पक्की चहाबाज, माझं तोंडच उतरलं. कमलचे सासरे, आबा, तोच चहा काढ्यासारखा घोट घोट पीत होते. "मेंढरं दारात अन् चहा कोरा," ते म्हणाले. "सूनबाईचं राज हाय."

आबांना चहाला मेंढीचंच दूध लागे, गाईचं त्यांना पाणचट वाटे. पूर्वी आधी घरासाठी धार काढत आणि उरलेलं कोकरांना मिळे. कमलनं ते बंद केलं होतं. लहानपणी उपाशी राहिलेली मेंढी उशिरा गाभण राहते, मग पुढं तिला कितीही चारा घाला, असं तिचं म्हणणं. पोटभर दूध पिऊन वाढलेली पहिली कोकरी म्हणजे चांदी. तिच्या वयाच्या शेजारच्या मेंढ्या अजून रिकाम्या होत्या आणि ही गाभण! पण आबांना पटलं नव्हतं. एवढ्या कोवळ्या वयात राहिली, तिला दूध उतरलं नाही तर कोकरू जगायचं कसं? तसं झालं तर पुन्हा पहिल्यासारख्या धारा काढायच्या, असं दोघांचं ठरलं होतं.

दुपारी भाकरी आणि हुलग्याची उसळ अर्धी खाऊन झाली तोच कमलची हाक आली. मी उष्ट्या हातानं वाड्याकडे (मेंढरांच्या कुंपणाकडे) पळाले. एक चप्पल चिखलात रुतली, ती तिथंच राहिली.

कोकरू बाहेर आलं होतं, मादी. आम्ही हुश्श केलं, तर चांदी पुन्हा कळा देऊ लागली. दुसरं! तेही मादी! इकडच्या मेंढ्यांना जुळं क्वचितच होतं. मी तर नाचायचीच बाकी होते. आबा मात्र गुडघ्यावर बसले, त्यांनी चांदीचं आचळ हलकेच दाबलं. तळहातावर पिवळसर चिकाची धार पडली.

"दूध हाय," ते हळूच म्हणाले.

कमलचे डोळे भरून आले. ती तांब्या घेऊन दुसऱ्या मेंढीकडे निघाली, आज तरी आबांना दुधाचा चहा करायला. आबांनी तिला अडवलं.

"ऱ्हाऊ दे, पोरी. दोघी हायत. चांदीचं न्हाय पुरलं, तर तेच दूध लागंल. चहा कोराच टाक."

आम्ही तिघांनी वाड्यातच बसून कोरा चहा घेतला.

परतताना येडशीला गाडीची वाट बघत मी दाट दुधाचा चहा घेतला. चांगला होता, पण माझं मन वाड्यातच अडकलं होतं. त्या दोघी कोकऱ्या आज जे दूध पितायत, ते उद्या त्यांच्या कोकरांपर्यंत पोचणार आहे. त्या व्यायला होतील तेव्हा मी पुन्हा धावत येणार. आणि आबांकडे मला कोराच चहा मिळावा, असं अगदी मनापासून वाटतंय.